रौज्याचा घाट

परभणीत चढ असा नाहीच. स्टेशनावरून निघालेला माणूस सरळ पिंगळीपर्यंत चालत गेला तरी त्याच्या पोटऱ्यांना खबर लागायची नाही. खाली काळी जमीन, वर आभाळ आणि मध्ये कापूस. अशा गावात एक माणूस घाट चढायची तयारी करत होता, तीही सायकलवरून, आणि थोडीथोडकी नाही, चांगली साडेचार वर्षं. गाव हसलं नसतं तरच नवल. मीही हसलो. पुढे हसणं थांबवणाऱ्यांत मी पहिला होतो, पण माझं थांबण्याचं कारण काही अभिमानानं सांगावं असं नाही.

राज्य निजामाचं होतं. आमची शाळा वस्तानिया, म्हणजे मधली, आणि शिकवणं सगळं उर्दूतून. मी मराठीचा मास्तर. सगळं गाव जी भाषा बोलायचं ती मी आठवड्यातून चार तास शिकवायचो आणि उरलेला वेळ हजेरीपटावर पोरांची नावं उर्दूत लिहीत बसायचो. घाटाची तयारी करणारे ते आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. त्याला जुग्राफिया म्हणत. हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतचे सगळे डोंगर त्यांच्या ताब्यात, आणि समोरच्या पोरांनी खळ्यावरच्या कडब्याच्या गंजीपेक्षा उंच काही बघितलेलं नाही. पोरांनी त्यांचं नाव घाटमास्तर पाडलं आणि गावानं ते उचललं. मी त्यांना गुरुजी म्हणायचो, कारण ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. ते मला ‘धाकले’ म्हणत, म्हणजे शाळेतले धाकटे मास्तर.

माणूस उंच आणि काटकुळा. शेरवानीचे पुढचे पदर कमरेला खोचलेले, पायजमा घोट्यापाशी सुतळीनं बांधलेला, आणि तुर्की टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखालून नाडी. त्या नाडीमुळे मास्तर कमी आणि मुंज लागलेला मुलगा जास्त वाटायचे. सायकल काळी, दणकट. तिच्या मागच्या कॅरिअरवर ज्वारीचं एक पोतं दोरीनं आवळून बांधलेलं असायचं. ते पोतं घेऊन हा माणूस पहाटे पिंगळीच्या रस्त्याला लागायचा आणि शाळेच्या घंटेच्या आधी परत यायचा. ज्वारी नेली कुठं आणि परत आणली कशाला, हे कुणालाच कळायचं नाही. बाजारातल्या आडत्यानं एकदा विचारलं, “गुरुजी, माल इकायचा हाय का नुसता फिरवायचा हाय?” ते म्हणाले, “फिरवायचा हाय.” 

घाट कुठला, तर दौलताबादचा. खुलताबादला आमच्याकडे तेव्हा रौजे म्हणत. दौलताबादचा किल्ला मागे टाकला की रस्ता डोंगराला लागतो आणि वळणं घेत रौज्याला चढतो. पुढे उतरलं की वेरूळ. सगळ्या मुलखात त्या घाटाचं नाव होतं. आमच्याकडचे लोक घृष्णेश्वराला जाऊन आले की देवाचं कमी आणि घाटाचं जास्त सांगायचे, कारण देव त्यांनी गावातही बघितलेला असायचा. टांगा कसा अडला, घोडा कसा फेसाळला, वरून खालचा टांगा कसा काडीपेटीएवढा दिसला, हे सांगताना प्रत्येक जण घाट थोडा थोडा उंच करायचा. आम्ही सपाटीवरची माणसं. आम्हाला कोणी सांगितलं असतं की तो घाट चंद्रापर्यंत जातो, तरी आम्ही माना डोलावल्या असत्या.

गुरुजींनी परभणीतल्या प्रत्येक उंचवट्याला इयत्ता दिली होती. तहसील कचेरीसमोरचा चढ पहिलीचा. रेल्वे फाटकाचा तिसरीचा. पिंगळीच्या वाटेवरच्या ओढ्यातून वर यायची जी वाट होती ती पाचवीची, आणि पाऊस पडून गेल्यावर सातवीची. “अन् रौज्याचा?” मी विचारायचो. “रौज्याचा मॅट्रिक. त्याच्याम्होरं इयत्ताच न्हाई.” फाटकाचा चढ ते रोज संध्याकाळी तीस वेळा चढायचे. फाटकवाला त्यांच्यासाठी मोजायचा आणि मध्येच मुद्दाम चुकायचा, मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. चढ कमी पडतो असं वाटलं की मागच्या चाकाचा ब्रेक चिंधीनं अर्धवट आवळून ठेवायचे, म्हणजे सपाट रस्ताही चढाचा होतो. जगात दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि टायर मिळेनासे झाले, तेव्हा मोच्याकडून चामड्याची पट्टी शिवून घेतली. त्या पट्टीचा रस्त्यावर फटक फटक आवाज व्हायचा आणि घरातल्या बायका म्हणायच्या, “निघाले घाटमास्तर, चूल पेटवा.”

सायकलवर असताना ते तोंड उघडत नसत. श्वास फक्त नाकानं. तोंड उघडलं की दम गेला, असा त्यांचा नियम होता. एकदा आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, फिरायला निघाले होते. ते खास हैदराबादचे, अदबीचे मोठे भोक्ते. गुरुजी त्यांच्या अंगावरून गेले आणि सलाम नाही की आदाब नाही. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागवला गेला. गुरुजींनी लिहून दिलं, “बंदा उस वक्त चढाव पर था.” निजामाच्या शाळेत मास्तर कुठल्याही धर्माचा असो, त्याला मौलवीच म्हणत; हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, “मौलवी साहब, परभणी में चढाव कहाँ है?” गुरुजी त्यांना भर उन्हात रेल्वे फाटकापाशी घेऊन गेले आणि जमिनीवर ओणवे होऊन तिसरीचा चढ दाखवला. हेडमास्तर पोट धरून हसले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आखिर किसलिए?” गुरुजी म्हणाले, “जुग्राफिया है हुजूर.” कागद तिथंच फाडला गेला.

टांग्यात मात्र हा माणूस कधी बसला नाही. पाऊस असो, ताप असो, स्टेशनावरून घरी चालत. टांगेवाले मुद्दाम आडवे यायचे, “आओ मास्टरसाब, घोडा तुमकू याद कर्रा!” त्यांच्याकडे न बघता ते पुढे जायचे. मला तो चिक्कूपणा वाटायचा आणि मी तसं चार जणांत बोललोही होतो.

त्यांची बायको गेली तेव्हा मी शिकायला बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा त्यांच्या घराचं दार दिवसासुद्धा ओढलेलं असायचं. शाळेत यायचे, भूगोल शिकवायचे, परत जाऊन दार ओढायचे. मूल नव्हतं. चूल पेटायची नाही. माझी आई भाकरी झाकून ओट्यावर ठेवायची आणि कितीदा तरी ती तशीच परत आणायची. अशी काही वर्षं गेली. मग एके दिवशी ती काळी सायकल दाराशी दिसली आणि गुरुजी स्वतः येऊन आईला म्हणाले, “वैनी, आजपस्नं दोन भाकरी जास्तीच्या लागतील. जोर पायजे.” आई त्या दिवशी भाकरी थापताना रडली. म्हणून गावाबरोबर हसत असलो तरी मला आतून त्या सायकलीचं बरंच वाटायचं.

भादव्यातल्या एका संध्याकाळी मी पिंगळीहून चालत येत होतो. पाऊस थांबून तासभर झाला असेल. ओढ्यापाशी बघतो तर सायकल आडवी, पोतं फुटलेलं, आणि गुरुजी चिखलात गुडघ्यावर बसून ज्वारी वेचताहेत. आमच्याकडचा चिखल म्हणजे काय ते परभणीकरालाच कळावं. त्यात पडलेलं चप्पल हाती लागत नाही, तिथं ज्वारीचा दाणा! मी म्हणालो, “गुरुजी, उठा. राहू द्या ती. घरी दुसरी भरू.”

“न्हाई, न्हाई,” ते म्हणाले. “एक मण दोन शेर हाय ही. कमी व्हायला न्हाई पायजे.”

“अहो, शेर-दोन शेर कमी झाली म्हणून काय बिघडतं?”

त्यांनी वर बघितलं. तोंडावर चिखल होता आणि ते रडत होते, हे मला उशिरा कळलं. “हे तिचं वजन हाय, धाकले,” ते म्हणाले.

मी खाली बसलो. वेचायला लागलो. दुसरं काय करणार? वेचता वेचता त्यांनी सांगितलं ते असं.

लग्नाला तीन वर्षं होऊन मूल नाही म्हणून सासूनं नवस बोलला होता आणि गावच्या देवळात बायकोची गुळाची तुला केली होती. एका पारड्यात ती, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. भरली एक मण दोन शेर. लोक हसले, एवढी मोठी बाई आणि गूळ एवढासा! तरीही मूल झालं नाही. मग कुणीतरी वेरूळचा देव सांगितला. गुरुजींची नोकरी तेव्हा नुकतीच कायम झाली होती. नवी शेरवानी, नवे बूट. दोघं दौलताबादला उतरली आणि टांगा केला. घाटाच्या पायथ्याशी टांगेवाला म्हणाला, उतरा, चढावर घोड्याला माणसं ओढवत नाहीत. तिथली रीतच तशी. सगळे उतरायचे, घोडा सामान घेऊन वर जायचा आणि माणसं मागून चालत यायची.

“तिला म्हणलं, तू बस, मी उतरतो,” गुरुजी म्हणाले. “न्हाई, म्हणलो न्हाई. म्हणायचं मनात आलतं. माझे बूट चावायलते. टांगेवाला म्हणला, एकजण चालंल बसला तर. ती म्हणली, तुमी बसा, मी चालते. अन् मी बसलो. भर दुपार, चैताचं ऊन. मी टांग्यात बसून मागं बघायलतो आन ती पदर डोक्यावर घिऊन पायी यायलती. वर आली तवा व्हट निळे झालते. मी काय म्हणलो म्हाइताय का? म्हणलो, व्हटाला दौतीतली शाई लागली का काय तुझ्या? ती हसली. तिसऱ्या दिवशी वेरुळातच गेली. धर्मशाळेत.”

बराच वेळ आम्ही दोघं दाणे वेचत राहिलो. मग ते म्हणाले, “त्या घाटानं मारली तिला. अन् मी बसून बघितलं. आता एकदा तिला बसवून न्यायचं हाय. ती बसंल, मी चढीन. पाय टेकायचा न्हाई. एकदा जरी टेकला तरी फुकट.”

चिक्कू म्हणालो होतो मी त्यांना. त्या दिवसापासून मी गावाबरोबर हसणं सोडलं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आईच्या हातातलं सूप तिथंच थांबलं. ती म्हणाली, “येडं हाय का काय ते माणूस? घाटानं कुठं मेली ती?”

आणि मग आईनं सांगितलं. ती बाई आईपाशी येऊन बसायची. वर्षभर आधीपासून तिच्या छातीत कळ यायची. पाणी शेंदताना दम कोंडायचा, ओठ निळे पडायचे, एकदा तर आमच्या आडापाशी चक्कर येऊन पडली होती. आई म्हणाली, नवऱ्याला सांग, दवाखान्यात दाखव. तिनं आईला गळ्याची शपथ घातली. सांगितलं तर वेरूळची वारी राहील आणि मुलाचा शेवटचा नवसही राहील. “आमच्या इथंच एकदा मरता मरता वाचली ती,” आई म्हणाली. “त्याला दिसत न्हवतं का? शेजारच्या बाईला दिसतंय आन नवऱ्याला दिसत न्हाई?” मग जरा वेळानं म्हणाली, “शपथ आता कशाची. मी सांगून टाकते त्याला. लय वर्सं झाली, माझ्याच जिवाला घोर हाय.”

मी तिला सांगू दिलं नाही.

कारणं भरपूर होती माझ्याकडे. सांगितलं तर सायकल भिंतीला लागेल आणि तिच्याबरोबर माणूसही, दार पुन्हा ओढलं जाईल, भाकरी पुन्हा तशीच परत येईल. घाटावर राग काढतो आहे, काढू दे. घाटाचं काय जातं? आणि ‘तुमच्या घरात वर्षभर बाई मरत होती आणि तुम्हाला दिसली नाही’ हे कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? ही सगळी कारणं खरी होती. पण एक कारण मी आईपासूनही लपवलं. मला त्या तयारीत गोडी वाटायला लागली होती. शाळेत उर्दूतून मराठी मुलांची हजेरी घेणाऱ्या माझ्या आयुष्यात दुसरं होतं काय? फाटकवाल्याच्या जागी आता मी मोजायला उभा राहायचो. पोतं मी बांधून द्यायचो, गाठ नीट बसली का बघायचो. ती फुटलेली ज्वारी तोलून पुन्हा एक मण दोन शेर कुणी केली? मीच. आईनं पुन्हा दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी म्हणालो, घाट चढून होऊ दे, मग बघू. पुढच्या वेळी काढायला ती राहिली नाही. उन्हाळ्यात पटकीच्या साथीत गेली. गुरुजी तिच्या तिरडीला खांदा द्यायला आले होते. मी मडकं धरून पुढे चालत होतो आणि मला एवढंच वाटत होतं की आता ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. सायकल आणि पोतं गार्डाच्या डब्यात. गार्ड विचारत होता, “पोतं कशाला?” गुरुजी म्हणाले, “सवारी हाय.” गार्डाला तो विनोद वाटला. दौलताबादला धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी ऊन कोवळं असतानाच घाटाच्या पायथ्याला आलो. मी सामानासाठी टांगा केला होता. गुरुजींनी टांग्याकडे पाठ करून पोत्याची दोरी तपासली, टोपीची नाडी आवळली, ब्रेकची चिंधी सोडून फेकली. मग पोत्यावरून एकदा हात फिरवला आणि पायडलवर पाय ठेवला.

टांगेवाला मला म्हणाला, “उतरो साब, अब चढाव है.” मी उतरलो.

ते सरळ जात नव्हते. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके जात होते, नांगराचं तास धरल्यासारखे, सावकाश. तोंड मिटलेलं. मी मागून चालत होतो. सीताफळांचे दिवस होते. त्या डोंगरात सीताफळाची झाडी उदंड. बायका डोक्यावर पाट्या घेऊन वर रौज्याच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांतली एक चांगली साठीची, जाडजूड, पाटी काठोकाठ भरलेली. ती गुरुजींच्या जवळजवळ बरोबरीनं चालत होती आणि दुसरीशी सुनेच्या तक्रारी करत होती. दुसरी तरणी, पोटुशी, सात-आठ महिन्यांची. तिच्याही डोक्यावर पाटी. दोघी हसत होत्या. एका वळणावर म्हातारी गुरुजींना म्हणालीसुद्धा, “बाबा, उतरून ढकल की! कामून जीव काढायलास?” गुरुजी बोलले नाहीत. त्यांची नजर मात्र तिच्या पाटीवर गेली, मग त्या तरणीच्या पोटावर, आणि सायकल क्षणभर डगमगली. मला वाटलं, टेकला पाय. पण नाही टेकला.

ते वर पोचले. एकदाही पाय न टेकता. मी पळतच गेलो. साडेचार वर्षं ज्या गोष्टीची वाट बघितली ती झाली होती आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. गुरुजी कठड्याला सायकल टेकवून उभे होते. धापा टाकत होते, पण फार नाही. रेल्वे फाटकावर तीस फेऱ्या झाल्या की टाकायचे तेवढ्याच.

“चढलात की हो गुरुजी!” मी म्हणालो.

ते खाली रस्त्याकडे बघत होते. “झाला?” त्यांनी विचारलं. “एवढाच व्हता?”

तेवढ्यात त्या बायका आल्या. पाट्या उतरवून सावलीत बसल्या. तरणीनं सीताफळ फोडलं. गुरुजी त्यांच्यापाशी गेले आणि त्या म्हातारीला म्हणाले, “बाई, रोज चढताव का तुमी हे?”

“फळं हायती तवर रोजच की. दिसातून दोन येळा बी.”

“दम लागत न्हाई?”

“लागतो की. बसलं की जातो.”

गुरुजींनी तिच्या भरल्या पाटीकडे बघितलं. मग म्हणाले, “हितं कुणी मेलंय का कधी? चालून चालून? बाईमाणूस?”

म्हातारी हसली. तिला तो प्रश्न वेडगळ वाटला असणार. “घाट चढून? न्हाई बा. किल्ल्यावरनं पडले असतील येक-दोन. चालून कशानं मरतंय माणूस? आधीचं दुखणं असंल तर निराळं.”

ते माझ्याकडे आले. मला आधीच कळलं होतं काय विचारणार ते. पळून जावंसं वाटलं, पण घाटावरून पळणार कुठं?

“धाकले,” ते म्हणाले, “खरं सांगा. तिला आधीचंच काही व्हतं का? ती तुमच्या आईपाशी बसायची. आई कधी काही बोलल्या का?”

त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. निदान तेव्हा मला ती भीतीच वाटली. वाटलं, या माणसाला ‘नाही’ ऐकायचं आहे. आज वाटतं की ती भीती नसेलही. कदाचित सुटका जवळ आल्यासारखं वाटत असेल त्यांना. टांग्यात बसल्यानं बायको मेली नाही, हे त्यांना कुणाकडून तरी हवं असेल. पण माझ्या आईला मी तीनदा गप्प बसवलं होतं. आता खरं सांगायचं म्हणजे तेही सांगावं लागलं असतं, की हे मला गेल्या वर्षीच्या भादव्यापासून ठाऊक होतं आणि तरीही मी पोतं बांधून देत होतो.

“नाही गुरुजी,” मी म्हणालो. “आई काही बोलली नाही.”

त्यांनी मान हलवली. “मंग घाटच,” ते म्हणाले. “मीच नीट चढलो न्हाई. ती भर दुपारी गेलती. मी सकाळी चढलो. पायी चढायला पायजे.” सायकल त्यांनी माझ्या हातात दिली आणि उतरायला लागले. मी दोनदा तोंड उघडलं. वळणापाशी ते दिसेनासे झाले, तोवर म्हातारी मला सीताफळ घ्या म्हणून आग्रह करत होती. मी घेतलं.

त्या दिवशी दुपारी ते पायी चढले. मग आणखी एकदा. दुसऱ्या वर्षी दिवाळीला पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या वर्षी चैत्रात गेले, उपाशीपोटी गेले, अनवाणी गेले. दर वेळी परत येऊन म्हणायचे, “अजून जमलं न्हाई. एवढ्यानं मरत न्हाई माणूस. कुठं तरी चुकायलंय.” आता गाव हसत नव्हतं. चांगल्या माणसाचं डोकं फिरलं, असं म्हणून लोक बाजूला व्हायचे. शाळेनं त्यांना घरी बसवलं. मी दर वेळी स्टेशनावर पोचवायला जायचो. पोचवायला तरी गेलो, असं स्वतःला सांगायचो.

मुलखात रझाकारांची धामधूम सुरू झाली त्या वर्षी बाहेर पडणं अवघड झालं आणि त्यांचं जाणं थांबलं. थांबलं तसे ते अंथरुणाला लागले. मी रोज जाऊन बसायचो, भाकरी न्यायचो, पायांना तेल लावायचो. एका दुपारी मला वाटलं डोळा लागला त्यांचा, पण ते जागे होते.

“धाकले,” ते म्हणाले, “एक चूक झाली बगा. तुमच्या आई होत्या तवा मी एकदा त्येंनाच इचारायला पायजे व्हतं. मला येळंवर सुचलंच न्हाई.”

मी त्यांच्या पोटरीला तेल चोळत होतो. “झोपा गुरुजी,” मी म्हणालो, आणि चोळत राहिलो.